तहानेचे माप

माणसाने दिवसाकाठी किती पाणी प्यावे, या प्रश्नाचे ‘आठ पेले’ हे उत्तर आज शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांना मुखोद्गत झाले असले, तरी त्या उत्तराचे वय शंभर वर्षांचेही नाही. प्रश्न मात्र आपल्या भूमीत निदान दोन सहस्र वर्षे विचारला जात आला आहे. वैद्याने तो रोग्याची नाडी पाहताना विचारला, स्मृतिकाराने आचमनाचा विधी सांगताना विचारला, किल्ला बांधणाऱ्याने कातळ पारखताना विचारला, आणि ज्यांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवण्याची मुभा नव्हती, त्यांना तर तो रोजच्या रोज, उन्हातान्हात, दुसऱ्याच्या हाताकडे पाहत विचारावा लागला. या साऱ्या उत्तरांचा इतिहास एकत्र ठेवून पाहिला म्हणजे एक गोष्ट मनावर ठसते, ती ही की, शरीराला किती पाणी हवे याविषयी आपल्या पूर्वजांचा अंदाज फारसा चुकलेला नव्हता; कोणाच्या शरीराला ते द्यावे, याविषयी मात्र घोर प्रमाद घडला, आणि त्याचा जमाखर्च अजून मिटलेला नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शरीराचे जे तेरा नैसर्गिक वेग अडवू नयेत म्हणून बजावले आहे, त्यांत भूक, निद्रा, अश्रू आणि जांभई यांच्याबरोबर तहानेचीही गणना केलेली आहे, आणि तहान मारल्यास कंठ व मुख शुष्क होते, कानांना बधिरता येते, अंगाला थकवा आणि हृदयाला व्यथा जाणवते, असे तिचे परिणामही तेथे नमूद आहेत. पाण्याचे माप बाहेरून ठरवून देण्याची आवश्यकता त्या ग्रंथकाराला भासली नाही; तहान हाच त्याच्या दृष्टीने विश्वासार्ह साक्षीदार होता, आणि त्या साक्षीदाराचे तोंड कोणी दाबू नये एवढीच त्याची अपेक्षा होती. हा साक्षीदार खोटे बोलू लागला, म्हणजे पाणी पिऊनही तहान शमेनाशी झाली, की तिला स्वतंत्र व्याधी मानून चरकाने तिचे पाच आणि सुश्रुताने सात प्रकार सांगितले. निरोगी तहान आणि रोगट तहान यांत इतक्या प्राचीन काळी केलेला हा भेद मला त्या शास्त्राच्या सूक्ष्म निरीक्षणाचा उत्तम नमुना वाटतो.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात याहून अधिक व्यावहारिक सूचना सापडतात. शरद आणि ग्रीष्म हे दोन ऋतू वगळता निरोगी माणसानेही पाणी अल्प प्रमाणातच प्यावे. भोजनाच्या आरंभी पाणी पिणारा कृश होतो, अखेरीस पिणारा स्थूल होतो आणि मध्ये मध्ये पिणारा सम राहतो. जठराचे चार भाग कल्पून त्यांतील दोन अन्नाने व एक द्रवाने भरावा आणि चौथा वायूच्या संचारासाठी मोकळा ठेवावा. जेवताना एकेक घोट घ्यावा, उन्हातून आल्याबरोबर तांब्या तोंडाला लावू नये, आधी गुळाचा खडा खाऊन क्षणभर टेकावे, ही जी वळणे आपल्या घरांतून वडीलधाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या लावली, त्यांत ग्रंथोक्त ज्ञान किती आणि अनुभवाचे शहाणपण किती हे वेगळे काढणे कठीण असले, तरी त्या दोहोंचा रोख एकच होता: पाणी बेताने, तहानेच्या मागोमाग, आणि ऋतू पाहून.

सोळाव्या शतकातील भावमिश्राने मात्र एक निश्चित आकडा दिला आहे. उषःपानाचा महिमा सांगताना त्याने सूर्योदयाच्या सुमारास आठ प्रसृती पाणी प्यावे असे सांगितले. प्रसृती म्हणजे पसरून खोलगट केलेल्या एका तळहातात मावेल इतका ऐवज. शास्त्राच्या मानाने ती दोन पलांची, म्हणजे आठ तोळ्यांची. आठ प्रसृतींचे चौसष्ट तोळे होतात, आणि ऐंशी तोळ्यांच्या शेराशी ताडून पाहिले तर हे पाणी शेरभरही भरत नाही. आजच्या मापाने ते पाऊण लिटराच्या आसपास येते. आठ हा आकडा जुळतो एवढ्यावरून आधुनिकांचे आठ पेले आपल्या पूर्वजांना ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना पडतो, पण तो टिकणारा नाही, कारण भावमिश्राचे आठ हे केवळ पहाटेचे आहेत आणि ते सगळे मिळून आजचे चार पेलेही भरत नाहीत. त्या मापातील खरी मौज वेगळीच आहे. तळहात ज्याचा त्याचा असतो. बालकाची प्रसृती लहान, धिप्पाड पुरुषाची मोठी, आणि म्हणून आकडा सर्वांना एक सांगितला तरी पाणी ज्याच्या त्याच्या देहाच्या प्रमाणातच पोटात जावे, अशी तजवीज त्या मापातच होती.

वैद्यकाने पाण्याचे माप देहावरून ठरवले. धर्मशास्त्राने ते जन्मावरून ठरवले. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आचमनाचा जो नियम आहे, त्याप्रमाणे ब्राह्मण हृदयापर्यंत पोचलेल्या पाण्याने शुद्ध होतो, क्षत्रिय कंठापर्यंत पोचलेल्या, वैश्य केवळ मुखात घेतलेल्या, आणि शूद्र ओठांच्या कडेला स्पर्श केलेल्या पाण्याने. हा विधी शुद्धीचा आहे, तहान भागवण्याचा नव्हे, हे खरे. तथापि एकाच घोटाचे चार वर्णांसाठी चार उंबरठे कल्पून ज्याला त्याला आपापल्या उंबरठ्यावर थांबवणारी ही कल्पना पुढे आचमनाच्या पळीपुरती राहिली नाही, ती गावच्या विहिरीच्या काठावर येऊन बसली. ज्यांचा या चारांतही समावेश नव्हता, त्यांच्यासाठी पाण्याचे कोणते माप आहे, हे त्या नियमाने सांगितलेच नाही.

या देशात पाणी देणाऱ्यांची परंपराही तितकीच जुनी आहे, आणि तिचा उल्लेख न करता पुढे जाणे हे कृतघ्नपणाचे होईल. नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने केलेल्या दानधर्माची जी यादी आहे, तीत दमण, पारदा, तापी, डहाणू इत्यादी नद्यांवर फुकट उतारूंसाठी नावा ठेवल्याचे आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याची स्थाने व पाणपोया उभारल्याचे नमूद आहे. नदीकाठी पाणपोई कशाला, असे प्रथमदर्शनी वाटते. पण समुद्राला मिळणाऱ्या नद्यांच्या मुखाशी भरतीचे खारे पाणी आत शिरते, आणि वाटसरूच्या डोळ्यांसमोर अफाट जलाशय असूनही त्याचा घसा कोरडाच राहतो, हे ज्याने या किनाऱ्याने उन्हाळ्यात प्रवास केला आहे त्याला सांगायला नको. कान्हेरीच्या आणि जुन्नरच्या डोंगरांत भिक्षूंसाठी कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांना तेथील प्राकृत लेखांत ‘पोढी’ म्हटले आहे, आणि त्या खोदवून देणाऱ्यांची नावे दानलेखांतून उरली आहेत. एका पावसाळ्याचे पाणी कातळाच्या पोटात साठवून ते आठ महिने पुरवायचे, म्हणजे विहारात राहणाऱ्यांची संख्या आणि प्रत्येकाची रोजची गरज यांचा काहीतरी ताळेबंद मांडल्याशिवाय टाकीची लांबीरुंदी ठरणे शक्य नाही. तो ताळेबंद कोणी लिहून ठेवला नाही, पण त्याचे उत्तर खडकात कोरलेले आहे.

हाच ताळेबंद शिवकालीन दुर्गांच्या बाबतीत रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात शब्दांनी मांडला. गड बांधण्यापूर्वी प्रथम पाणी पाहावे. पाणी नसेल आणि जागा तर बांधणे अगत्याचे असेल, तर खडक फोडून टाकी व तळी आधी तयार करावीत. झरा आहे, तो पुरतो, एवढ्यावर विसंबून राहू नये, कारण युद्धप्रसंगी तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो. यासाठी राखीव टाकी असावीत आणि त्यांतील पाणी एरव्ही खर्च होऊ देऊ नये, असा त्या आज्ञेचा आशय आहे. तोफेच्या आवाजाने झरा खरोखर आटतो की नाही हा भाग अलाहिदा. वेढ्यात सापडलेल्या माणसाला शांततेच्या दिवसांपेक्षा अधिक पाणी लागते, हे जे अमात्यांनी ओळखले, ते शरीरधर्माशी तंतोतंत जुळणारे आहे. भीती, धावपळ, ऊन आणि दारूचा धूर यांत घाम गळणाऱ्या शिपायाची तहान ही सदरेवर बसलेल्या कारकुनाच्या तहानेहून निराळी असते, हे राज्यकारभाराच्या ग्रंथात येण्यासाठी लिहिणाऱ्याने वेढे डोळ्यांनी पाहिलेले असावे लागतात.

गावगाड्यातही पाण्याचा बंदोबस्त होता. घाटावरील पुष्कळ गावांत कोळी हा वतनदार असे, आणि ज्या पानभऱ्या कोळ्यांच्या हातचे पाणी इतर जातींना चाले, ते गावच्या चावडीत व धर्मशाळेत पाणी भरीत, सरकारी अंमलदार आणि मुक्कामाला उतरलेले परस्थ यांची सोय पाहत, आणि त्याबद्दल पिकाच्या वेळी बलुते नेत. शहरांत पखाल घेऊन फिरणारे भिस्ती आणि घागरी-कावडींनी पाणी वाहणारे पाणके होते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजला तलाव बांधून तेथून जमिनीखालच्या पक्क्या नळाने पाणी शहरात आणले; वाटेत ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी उच्छ्वास ठेवले आणि शनिवारवाड्यापासून पेठापेठांतल्या हौदांपर्यंत ते पोचवले. नाना हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांच्या बोलण्यात कित्येक पिढ्या पत्त्यांसारखी वावरली. उतारावरून येणारे ते पाणी काळाच्या मानाने मोठीच कर्तबगारी होती, यात शंका नाही. एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली, ही कथा ज्या मुलखात घरोघर भक्तिभावाने सांगितली जात होती, त्याच मुलखाच्या राजधानीतील त्या हौदांवर शहरातल्या एका मोठ्या समाजाला घागर बुडवता येत नव्हती. कथा ऐकून डोळे पाणावणाऱ्यांना हे दिसले नाही, असे कसे म्हणावे? ते दिसत होते, आणि तसेच चालू दिले गेले.

१८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या पुण्यातील घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. या घटनेचा उल्लेख चरित्रग्रंथांतून एका ओळीत येतो आणि वाचक पुढे सरकतो. परंतु त्या काळच्या पुण्यात हौद खुला करणे म्हणजे आप्तस्वकीय, शेजारी आणि ज्ञाती या सर्वांच्या पाण्यातून एकाच वेळी उठणे होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका ओळीचे वजन कळते.

पुढे १९०१ सालचा एक प्रसंग आहे, जो बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या इंग्रजी आत्मकथनपर टिपणांत स्वतः लिहून ठेवला आहे, आणि पाणी किती प्यावे या विषयावर लिहिणाऱ्याने तो टाळून पुढे जाणे मला अशक्य वाटते. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने सुरू केलेल्या तलावाच्या खोदकामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना भेटण्यासाठी भीमराव, त्यांचे वडील बंधू आणि भाचे अशी मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. वडिलांना पत्र वेळेवर न पोचल्याने घ्यायला कोणी आले नव्हते. मुले कोणत्या जातीची हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवाले तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच गाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, अशा अटीवर प्रवास सुरू झाला. शिदोरी बरोबर भरपूर होती. पाणी नव्हते. वाटेत गाडीवानाने दाखवलेले पाणी चिखलाचे आणि गुरांच्या शेणामुताने दूषित झालेले होते. रात्री जकातनाक्यावर, मुसलमान आहोत असे सांगूनही, तुमच्यासाठी येथे कोणी पाणी भरून ठेवलेले नाही अशा अर्थाचे उत्तर मिळाले. मुलांनी अन्न समोर असून उपाशीपोटी रात्र काढली, कारण पाण्यावाचून कोरडा घास गळ्याखाली उतरत नाही. बाप तलाव खोदवून घेण्याच्या कामाचा हिशेब ठेवत होता, आणि त्याच्याकडे निघालेल्या मुलांना एका घोटासाठी अख्ख्या मुलखातून नकार मिळत गेला. शाळेतही हीच स्थिती होती: तहान लागली तर शिपायाने नळाची तोटी सोडावी लागे, आणि शिपाई जागेवर नसला तर त्या दिवशी पाणी नाही.

या पार्श्वभूमीवर महाडकडे पाहिले पाहिजे. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असल्याचे मान्य केले, आणि १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे त्याप्रमाणे खुले केल्याचा ठरावही केला. कागदोपत्री सर्व काही झाले होते. तळ्याला मात्र कोणी हात लावू शकले नव्हते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेला आलेल्या लोकांना पिण्यासाठी सवर्णांकडून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात तळे, नगरपालिकेच्या दप्तरात ठराव, आणि परिषदेच्या खर्चात पाण्यापोटी ४० रुपये. २० तारखेला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जनसमुदाय शिस्तीने तळ्यावर गेला आणि ओंजळीने पाणी प्याला. ते पाणी प्यायल्याने आपण अमर होऊ असे नाही, आणि आजवर ते न प्यायल्याने मेलोही नाही, आपण येथे माणूस म्हणून समान आहोत हे सिद्ध करण्यासाठी जमलो आहोत, अशा आशयाची भूमिका त्यांनी पुढे डिसेंबरच्या परिषदेत मांडली. २० मार्चला तळ्यावरून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, आणि मागाहून गोमूत्र, शेण, दूध-दह्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. २५ डिसेंबर १९२७ रोजी दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. घोटाघोटाला जन्माची अट घालणारा ग्रंथ पाण्याच्या सत्याग्रहात जाळला गेला, यात योगायोग मुळीच नव्हता. तळ्यावरील हक्काचा दावा न्यायालयांतून दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल कायम केला. एका ओंजळीच्या हक्काला दहा वर्षे.

मुंबईची कथा निराळ्या वळणाची आहे. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या या बेटांवर गोडे पाणी हीच मोठी संपत्ती होती. १७२५ साली भिखा बेहराम या पारशी गृहस्थाने समुद्राजवळ खोदलेली विहीर आजही पूज्य मानली जाते, आणि दानशूरांनी बांधलेली तळी व प्याऊ यांच्या आधारावर शहर कसेबसे भागवीत होते. १८५४ च्या टंचाईने तो आधार किती तोकडा आहे हे दाखवले, आणि १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. मागाहून तुळशी, तानसा. नळाने एक मोठे काम न बोलता केले. तोटीखाली धरलेल्या घागरीला पाणी भरणाऱ्याची जात विचारता येत नव्हती, आणि सोवळ्याच्या घरांनी काही काळ नाक मुरडले तरी सोयीपुढे ते सोवळे फार टिकले नाही.

आता त्या आठ पेल्यांकडे. युरोपात १६१४ साली सांक्तोरिओ या इटालियन वैद्याने आपले तराजूला टांगलेल्या आसनावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे स्वतःला, आपल्या अन्नपाण्याला आणि मलमूत्राला तोलून त्याने दाखवले की, खाल्ल्याप्यायल्याचा मोठा भाग न दिसणाऱ्या रीतीने, त्वचेवाटे आणि श्वासावाटे निघून जातो. शरीराच्या पाण्याचा जमाखर्च मांडण्याची ही सुरुवात. १९५० नंतरच्या वर्षांत स्वीडनमध्ये बेंग्ट अँडरसन यांनी बोकडांच्या मेंदूतील एका लहानशा भागात खारट द्रावणाचे थेंब सोडले, तेव्हा ते प्राणी क्षणात लिटरमागून लिटर पाणी पिऊ लागले. तहान ही घशातील कोरडेपणाच्या पलीकडची, रक्तातील क्षारांच्या तीव्रतेवर पाळत ठेवणाऱ्या मेंदूची आज्ञा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. ती तीव्रता शेकडा एक-दोनने वाढली तरी निरोगी माणसाला तहान लागते. मूत्रपिंडही गरजेप्रमाणे दिवसाचे मूत्र अर्ध्या लिटरपर्यंत आखडते किंवा अनेक लिटरांपर्यंत सैल सोडते. चरकाने ज्या साक्षीदारावर विश्वास टाकला, तो प्रयोगशाळेतील उलटतपासणीतही टिकला.

मग आकडा कोठून आला? १९४५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढ माणसाला साधारणपणे दिवसाला अडीच लिटर पाणी योग्य असल्याचे सांगितले, आणि त्याला जोडूनच यांतील बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातच असते, असेही लिहिले. लोकांच्या स्मरणात पहिले वाक्य राहिले आणि दुसरे गळून पडले. हेच आठ पेल्यांच्या समजुतीचे एक मूळ असावे, असे हाइन्झ व्हॅल्टिन या मूत्रपिंडशास्त्रज्ञाने २००२ साली दाखवले, आणि निरोगी माणसाने आठ पेले पाणी मोजून प्यावे याला आपल्याला शास्त्रीय आधार आढळला नाही, असा निर्वाळा दिला. वरण, आमटी, ताक, भाजी, चहा, फळे या सर्वांतले पाणी पाणीच असते, आणि आमटीभात व ताक जेवणारा कोकणी माणूस न मोजताही पुष्कळ पाणी पोटात घालीत असतो. मुतखड्याच्या रोग्याला अधिक पाणी लागते, वार्धक्यात तहानेची जाणीव मंदावते, हे अपवाद खरे आणि महत्त्वाचे आहेत; पण अतिरेकही निरुपद्रवी नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी शेकडा १३ जणांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीखाली उतरलेले आढळले, आणि धावताना प्रमाणाबाहेर द्रव पिणे हे त्याचे प्रमुख कारण होते.

आपल्याकडेही पाण्याचा एक सरकारी आकडा आहे, आणि तो या आठ पेल्यांपेक्षा कितीतरी अधिक माणसांच्या आयुष्याशी निगडित आहे. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळत असताना केंद्र सरकारने ग्रामीण पाणीपुरवठ्याचा जो गतिमान कार्यक्रम हाती घेतला, त्याच्या मानकांत माणशी रोज ४० लिटर पाणी धरले गेले: पिण्यासाठी ३, स्वयंपाकासाठी ५, स्नानासाठी १५, भांडी व घर यांसाठी ७ आणि शौचासाठी १०. पिण्याचे ३ लिटर हा आकडा आपल्या उष्ण हवेत उदार नसला तरी अवाजवीही नाही. पण त्याच मानकांत दुसरा एक आकडा होता. सपाटीवर १.६ किलोमीटर आणि डोंगरात १०० मीटर उंचीच्या आत पाण्याचा उद्भव असला, म्हणजे त्या वस्तीला पाणी मिळाले असे समजावे. पुढे ही मर्यादा आखडली, आणि २०१९ पासून दारातल्या नळाने माणशी ५५ लिटरांचे उद्दिष्ट ठरले. परंतु मधल्या कित्येक वर्षांत गावेच्या गावे या अंतराच्या हिशेबाने ‘पुरवठा झालेली’ म्हणून दप्तरात नोंदली जात राहिली.

तो हिशेब एकदा करून पाहावा. पाच माणसांच्या घराला दिवसाला २०० लिटर. डोक्यावर हंडा आणि कडेवर कळशी घेऊन एक बाई एका खेपेत २५ लिटरांच्या आसपास पाणी आणते. म्हणजे आठ खेपा. जाऊन-येऊन ३.२ किलोमीटर धरले, तर दिवसाची चाल २५ किलोमीटरांहून अधिक होते, आणि तिच्यातील निम्मी भरल्या हंड्याने. उन्हात ओझे घेऊन चालणाऱ्या देहातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. तेव्हा तिच्या वाट्याचे पिण्याचे तीन लिटर आठ खेपा होण्याच्या आतच घामावाटे खर्च होतात. अर्थात आठ खेपा कोणी करीत नाही. त्यांच्या चार होतात, तीन होतात; आधी स्नानाचे पाणी तोडले जाते, मग धुण्याचे, आणि मग तिचे स्वतःचे पिण्याचे, कारण घरातल्या इतरांना वाढून उरेल ते घेण्याची तिला सवय लावलेली असते, आणि जेथे शौचालय नाही तेथे अंधार पडेपर्यंत उठावे लागू नये म्हणून ती दिवसभर तहान मारून राहते. पिण्याच्या तीन लिटरांचा आकडा ठरवताना तिच्या खेपांचा घाम जमेस धरायला हवा होता. तो धरला असता तर १.६ किलोमीटरांची मर्यादा कोणाच्या लेखणीतून उतरलीच नसती.